काजळ नको बदलूस, त्याची जागा बदल

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

ताई,
मी २९ वर्षांची, सांगलीत बँकेत नोकरीला आहे. दहावीपासून रोज काजळ घालते. एखाद्या दिवशी राहिलं तर काउंटरवर आलेली माणसंसुद्धा विचारतात, ‘मॅडम, बरं नाही का?’ गेले चार महिने डोळे चुरचुरतात, दुपारनंतर पाणी येतं, सकाळी पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखं काहीतरी चिकटलेलं असतं. वरच्या पापणीची कातडी कोरडी होऊन सुटते. मी लेन्स वापरते. तीन काजळं बदलून झाली, शेवटचं तर साडेसातशे रुपयांचं, वर ‘ऑर्गॅनिक’ लिहिलेलं. मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या केळवणाला जायचं म्हणून नखांना जेल लावून घेतलं, त्यानंतर दुसऱ्या दिवशी पापण्या फारच सुजल्या, पण ते जागरणामुळे असेल. सहा आठवड्यांनी भावाचं लग्न आहे आणि मी एकुलती एक करवली. डोळ्यांना त्रास होणार नाही असं काजळ, लायनर, मस्कारा कुठल्या कंपनीचा घेऊ? नावंच सांगा.
ता. क. – बहिणीचं बाळ तीन महिन्यांचं आहे. आई त्याच्या डोळ्यांत रोज घरी केलेलं काजळ घालते. ते तरी चांगलं ना? मग मीही तेच वापरू का?

प्रिय करवलीबाई,

तू ताई म्हणालीस, तेव्हा मी सरळ अगं-तुगं करते. कंपन्यांची नावं मी सांगणार नाही. सांगायला काही हरकत आहे म्हणून नव्हे, तर तीन काजळं बदलून तुला जे कळायला हवं होतं ते चौथं घेऊनही कळणार नाही म्हणून. तिन्ही काजळं तू घातलीस त्याच जागी: पापणीच्या आतल्या कडेवर, जिला पार्लरमध्ये वॉटरलाइन म्हणतात.

मी डोळ्यांची डॉक्टर नाही. बावीस वर्षं नवऱ्या सजवल्या, आणि त्यातली पहिली काही वर्षं मी स्वतःच लोकांचे डोळे बिघडवत होते. ते पुढे सांगते. आधी त्या कडेबद्दल.

आरशासमोर खालची पापणी किंचित ओढून बघ. केस उगवतात त्या रांगेच्या आत, बुबुळाच्या बाजूला, एक ओलसर गुलाबी पट्टी दिसेल. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढी तोंडं असतात, वरच्या पापणीत साधारण पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत वीस-तीस. ती तेलाच्या ग्रंथींची तोंडं. पापणी मिटली-उघडली की त्यांतून जरासं तेल येतं आणि अश्रूंच्या थरावर साय धरल्यासारखं पसरतं. ही साय आहे म्हणून डोळ्यातलं पाणी लगेच उडून जात नाही. आता या तोंडांवर रोज सकाळी मेण, तेल आणि काळा रंग यांचा लेप बसतो. काजळ म्हणजे तेवढंच तर असतं. चौदा वर्षं बसतो आहे. तेल नीट बाहेर येत नाही, साय विरते, डोळा कोरडा पडतो, आणि कोरड्या डोळ्यालाच चुरचुरून पाणी येतं. ऐकायला उलटं वाटतं, पण दुपारी एसीत बसून संगणकाकडे बघताना तुझ्या डोळ्यांना पाणी येतं ते बहुधा यातून.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१५ साली हे मोजून पाहिलं होतं. चकाकी असलेली पेन्सिल एकदा केसांच्या बाहेर फिरवली, एकदा आतल्या कडेवर, आणि रंगाचे किती कण अश्रूंच्या थरात उतरतात ते चित्रफितीवर पाहिलं. आतल्या कडेवर लावल्यावर पहिल्या पाच मिनिटांत १५ ते ३० टक्के जास्त कण डोळ्यात गेले, आणि लवकर गेले. दोन तासांनी बहुतेक कण डोळ्यानेच बाहेर टाकले होते. निरोगी डोळ्याला हे जमतं. पण तू लेन्स घालतेस, आणि कण लेन्सला चिकटून बसतात. मग ते दिवसभर मुक्कामालाच.

सकाळी केसांच्या मुळाशी दिसणारा कोंडा हे पापणीची कड सुजल्याचं नेहमीचं लक्षण आहे. डॉक्टर त्याला ब्लेफरायटिस म्हणतात. ते आहे की नाही हे नेत्रतज्ज्ञ पाच मिनिटांत सांगतील, तेव्हा या आठवड्यातच जाऊन ये. मेडिकलच्या दुकानात ‘डोळे लाल झालेत’ म्हणून थेंब मागू नकोस. काउंटरवरून हातात पडणाऱ्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत छान वाटतं, म्हणून माणूस महिनाभर घालत राहतो, आणि डोळ्यातला दाब वाढत जातो. गुलाबपाणीही नको. ते निर्जंतुक नसतं. आणि एखाद्या दिवशी लेन्स घातलेला डोळा दुखू लागला, उजेड सोसवेना किंवा धूसर दिसायला लागलं, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठ. तिथे उद्यावर टाकायचं नाही.

आता तुझ्या पत्रातलं जे वाक्य तू जाता जाता लिहिलंस, त्यावर मी अडकले. नखांना जेल लावलं, दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या. जागरणाने डोळे जड होतात गं, पण पापणीची साल सुटत नाही.

पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तळहाताला किंवा बोटांना जे काही होत नाही ते पापणीला होतं, आणि आपण दिवसातून कितीदा डोळ्याला बोट लावतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. म्हणून पापणीवरच्या ॲलर्जीत गुन्हेगार अनेकदा डोळ्याच्या मेकअपच्या पेटीत नसतोच. तो नखांवर असतो. साध्या नेलपेंटमधल्या फॉर्मल्डिहाइडच्या राळेने हे होतं. जेलमध्ये ॲक्रिलेट नावाची रसायनं असतात, त्यातलं एक हेमा. नाव शेजारच्या मावशीसारखं, काम मात्र तसं नाही. दिव्याखाली जेल नीट वाळलं नाही किंवा कातडीला लागलं की ॲलर्जी जडण्याचा धोका असतो, आणि एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. याच कुळातली रसायनं दातांच्या सिमेंटमध्ये आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतही वापरतात, त्यामुळे ही ॲलर्जी म्हणजे नुसता नटण्यामुरडण्याचा प्रश्न नाही. युरोपीय संघात हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरायची असतात, घरी नाही. आपल्याकडे घरी लावायचे संच ऑनलाइन सर्रास मिळतात, सोबत छोटा दिवा फुकट.

तेव्हा लग्नात नखं साधी. मेंदी लावणार असशील तर हिरवी, ओली, पानांची. ‘दहा मिनिटांत काळीभोर’ असलं काहीही नको. त्या काळेपणासाठी केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन घातलेलं असतं. घरात कुणी कलप लावल्यावर डोळे सुजून बंद झालेले पाहिलेस का कधी? तेच हे. आणि पार्लरवाली म्हणाली की पापण्यांचे केस रंगवून देते, मस्काऱ्याची कटकटच नको, तर हात जोडून नाही म्हण. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या रंगवण्याच्या अशाच एका उत्पादनाने बायकांची दृष्टी गेली होती. त्यातही हेच रसायन होतं. तिथला सौंदर्यप्रसाधनांवरचा १९३८ चा कायदा होण्यामागे ते प्रकरणही होतं.

म्हणजे तुझ्या बाबतीत बहुधा दोन वेगवेगळी दुखणी एकत्र नांदत आहेत. कडेचं वेगळं, पापणीच्या वरच्या कातडीचं वेगळं. काजळ बदलून दुसरं जाणार नव्हतं, आणि आतच लावत राहिल्यावर पहिलंही जाणार नव्हतं. कातडीचं नक्की करायचं असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थांच्या छोट्या चकत्या दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि मग एक-दोनदा तपासतात. लग्नाच्या आत होण्यासारखी आहे. पण आंघोळीची पंचाईत होते, हे आधीच सांगून ठेवते.

आता सहा आठवड्यांचं बघू. पहिले तीन आठवडे डोळ्याला काहीही नाही. काजळ नाही, लायनर नाही, शक्य असेल तर लेन्सही नाही, चष्मा. बँकेत विचारतील, ‘मॅडम, बरं नाही का?’ ‘नाही, डोळ्यांची सुट्टी आहे,’ म्हण. किंवा लिपस्टिक एक छटा गडद लाव, कुणाचं डोळ्यांकडे लक्ष जाणार नाही. हा माझा जुना धंद्यातला तोडगा आहे, हमखास चालतो. डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलं नसेल तर रोज दोन वेळा स्वच्छ सुती रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेव, गार झाला की पुन्हा पिळ. मग बोटाने पापणी केसांच्या दिशेने हलकेच दाब, वरची खाली, खालची वर. आत थिजलेलं तेल सैल होतं.

जुनी पेन्सिल, जुना मस्कारा, लायनरची ओली बाटली हे सगळं टाकून दे. साडेसातशेचं असलं तरी. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांवर ठेवायचा नाही, कारण कांडी आत-बाहेर करताना दर वेळी पापणीवरचे जंतू त्या ओल्या अंधारात जाऊन बसतात. सुकला म्हणून त्यात पाणी घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. थुंकी लावणाऱ्याही.

चौथ्या आठवड्यात एकच नवी वस्तू आण, लायनरची पेन्सिल. आणलीस की आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर सात दिवस, रोज दोन वेळा लाव. एकदा मनगटावर रेघ ओढून दुकानातच ठरवलं, याला चाचणी म्हणत नाहीत. ॲलर्जीची पुरळ उठायला दिवस लागतात. काही झालं नाही तर डोळ्याला, केसांच्या मुळांच्या बाहेरच्या बाजूने. मस्काऱ्याला तशीच आणखी एक फेरी. दोन्ही एका दिवशी सुरू केलेस आणि डोळा लाल झाला तर कुणाला दोष द्यायचा?

विकत घेताना मी काय बघते ते सांगते. पुढच्या बाजूचं काही वाचत नाही. ‘हायपोॲलर्जेनिक’ ही कंपनीने स्वतः घेतलेली पदवी आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात या शब्दाला चाचणीचं बंधन घालायचा प्रयत्न झाला होता, तो नियम न्यायालयात टिकला नाही, आणि आजही तिथे त्या शब्दाची सरकारी व्याख्या नाही. ‘ऑर्गॅनिक’ काजळात कापूर असू शकतो, सुगंधी तेलं असू शकतात, आणि तुझ्यासारख्या डोळ्याला ती नैसर्गिक असल्याचं काहीच कौतुक नसतं. डबी उलटी करायची. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरायची मुदत, पत्ता, घटकांची पूर्ण यादी. बाहेरून आलेलं असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. हे नसेल तर वस्तू कितीही सुंदर असो, जत्रेतली असो की इन्स्टावरची, परत ठेवायची. आपल्या २०२० च्या नियमांत शिसं आणि आर्सेनिकचे रंग सौंदर्यप्रसाधनांत चालत नाहीत. पण नियम लागू होतो तो परवाना घेणाऱ्याला, पुडीत सुरमा बांधून देणाऱ्याला कोण विचारतो? पारंपरिक सुरमा बऱ्याचदा शिशाच्याच खनिजाचा असतो, आणि तो दिसायला, लावायला इतका गुळगुळीत, गार असतो की शंकाही येत नाही.

यादीत फ्रॅग्रन्स किंवा परफ्युम दिसला की खाली ठेव. बेन्झाल्कोनियम क्लोराइड, डीएमडीएम हायडान्टॉइन, क्वाटर्नियम-१५ ही वस्तू टिकवण्यासाठी घातलेली रसायनं, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह, हीही तुझ्यासाठी नकोत. पण ‘प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’ ओला मस्कारा मात्र मी घेणार नाही, फुकट दिला तरी. डोळ्याजवळची ओली वस्तू जंतूंपासून टिकवायला काहीतरी लागतंच.

रंगात साधा काळा किंवा तपकिरी, चमकी अजिबात नको. चमकीचा कण म्हणजे प्लास्टिकचा किंवा काचेचा धारदार तुकडा, तो लेन्सखाली गेला तर बुबुळ खरचटतं. आयशॅडो मॅट घे. लावण्याआधी ब्रश झटकायचा, लावताना डोळा मिटलेला ठेवायचा.

मस्कारा वॉटरप्रूफ घ्यावासा वाटेल, कारण लग्न आहे, होमाचा धूर आहे, रडणं आहे. (भावाचं लग्न म्हणजे पाठवणी तुमच्याकडची नाही, तरी तू रडशील, मला माहीत आहे.) पण वॉटरप्रूफ काढायला तेलकट रिमूव्हर आणि चोळणं लागतं, आणि लावण्यापेक्षा त्या चोळण्यानेच पापणी जास्त सोलते. त्याऐवजी ट्यूबिंग मस्कारा विचार. तो प्रत्येक केसाभोवती बारीक नळीसारखा बसतो, रडल्यावर ओघळत नाही, आणि रात्री कोमट पाण्याचा कापूस धरला की नळ्या अख्ख्या निघून येतात. खोट्या पापण्या नकोत. गोंदाची चाचणी घ्यायला आता वेळ नाही. आणि हो, पापण्या लांब करणारं सिरम कुणी भेट दिलं तर ते नणंदेला दे… नको, कुणालाच देऊ नकोस.

लग्नाच्या दिवशी लेन्स आधी, मेकअप नंतर. रात्री लेन्स आधी काढायची, मग मेकअप. एक दिवसाच्या वापरून टाकायच्या लेन्स घेतल्यास तर उत्तम. हळदीला मात्र चष्माच लाव. करवलीला हळद फासायला सगळे टपलेले असतात, आणि लेन्सला लागलेला पिवळा रंग सहसा जात नाही.

आता माझं पाप. पहिल्या काही लगीनसराया मी एकच मस्कारा घेऊन फिरत होते. नवरी, तिची आई, दोन करवल्या, मावशी, सगळ्यांना तीच कांडी. एका लग्नात नवरीच्या धाकट्या बहिणीचे डोळे आले होते. घरच्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, वर मेकअपने लाली झाकून दिली याचं मला कौतुक वाटलं. तिच्यानंतर नवरीला बसवलं. पूजेच्या दिवशी नवरीचे डोळे चिकटलेले, आणि तिच्या सासूचा फोन मला. त्या दिवसापासून माझ्या पेटीत टाकाऊ कांड्यांचं पाकीट असतं, एका डोळ्याला एक, आणि वापरलेली कांडी पुन्हा बाटलीत जात नाही. तुमच्या लग्नातली मेकअपवाली कितीही नावाजलेली असो, डोळ्यांचं सामान तुझं तू ने आणि सांग की हेच वापर. तिला राग आला तर येऊ दे. काजळाची पेन्सिल टोक काढून दिली म्हणजे स्वच्छ झाली असं नसतं. आणि तुझी पेन्सिल त्या दिवशी हरवेल, कारण सगळ्या मावश्यांना ‘जरा एक रेघ’ ओढायची असते. पर्समध्ये ठेव, खोलीत नको.

आता ताजा कलम. घरचं काजळ तू वापरू का? एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट उपडं धरून जमवलेली काजळी, त्यात तूप, चिमूटभर कापूर. माझी आजीही असंच काजळ धरायची, आणि तो वास मला अजून आवडतो. त्यात शिसं नसेल, हे खरं. पण ती धुराची काजळी आहे, डबी उघडी पडलेली असते, घरातल्या सगळ्यांची बोटं तिच्यात जातात, आणि कापूर डोळ्याला झोंबतो. झोंबून पाणी आलं की आपण म्हणतो, घाण निघून चालली. तुझ्या कडेला ते नकोच.

बाळाला तर मुळीच नको. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. बोटाचं नख लागतं, जंतू जातात, आणि त्या वयात अश्रूंची नळी आधीच अरुंद असते. कापूर तान्ह्या बाळासाठी विषारी, अंगाला लावायलासुद्धा नको. कुणी पुडीतलं किंवा बाजारातलं बिननावाचं काजळ आणलं असेल तर ते आजच टाका. बाळ डोळे चोळतं, तोच हात तोंडात जातो, आणि मुलांच्या रक्तात शिसं किती चालतं याची सुरक्षित पातळी कुणालाही सापडलेली नाही. बाळाच्या डोळ्याला सारखं पाणी किंवा चिकट येत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आईशी वाद घालू नकोस. ‘आम्ही तुम्हाला घातलं, तुम्ही आंधळ्या झालात का?’ हे उत्तर तयार असतं, आणि त्यापुढे बोलणं जात नाही. तिला बाळाला दृष्ट लागेल याची काळजी आहे, डोळ्यांच्या आकाराची नाही. म्हणून तिचं काजळ बंद करू नकोस, तीट लाव म्हण. गालावर नको, बाळ हात फिरवून पुसतं आणि चाटतं. तळपायाला लावायची पद्धत आहे, पण आणखी दोन-तीन महिन्यांनी पायाचा अंगठाच तोंडात जाईल. कानामागे लावायला सांग, अगदी एक ठिपका, बिनकापराचा.